सांडपाण्यावर सूक्ष्मशैवाल वाढवून बायोडिझेल : प्रायोगिक तलावाची उभारणी ते तयार इंधन

सांडपाण्यातील अमोनियम आणि फॉस्फेट नदीत गेले की पाणी सडवतात, आणि तेच शैवालाचे खत असते. सूर्यप्रकाश आणि कार्बन डायऑक्साइड मिळाला की सूक्ष्मशैवाल, म्हणजे पाण्यात वाढणारे डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशींचे शेवाळ, हे क्षार स्वतःच्या पेशींत बांधून घेते व त्याबरोबर काही प्रमाणात तेलही साठवते. या तेलापासून बायोडिझेल करता येते, हे प्रयोगशाळेत वारंवार सिद्ध झालेले आहे. प्रत्यक्षात अडचण वेगळ्या ठिकाणी येते : शैवाल वाढवणे सोपे असते, पण ते पाण्यातून बाहेर काढून कोरडे करणे अतिशय खर्चिक असते. म्हणून हा प्रकल्प सांडपाणी शुद्धीकरणाचा आहे आणि इंधन हे त्याचे जोडउत्पादन आहे, अशा दृष्टीने त्याची आखणी करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील सर्व पायऱ्या याच भूमिकेतून लिहिल्या आहेत.

या विचाराला जुना आधार आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील विल्यम ऑसवाल्ड यांनी १९५० च्या दशकात उथळ, सतत ढवळल्या जाणाऱ्या शैवाल तलावांची कल्पना सांडपाण्याच्या शुद्धीकरणासाठीच विकसित केली. पुढे अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने १९७८ ते १९९६ या काळात शैवालापासून इंधन मिळवण्याचा मोठा कार्यक्रम चालवला, सुमारे ३,००० वाण गोळा केले आणि न्यू मेक्सिकोतील रॉसवेल येथे १,००० चौरस मीटरच्या तलावांवर चाचण्या घेतल्या. शैवाल वाढते हे त्यातून दिसले, पण निव्वळ इंधनासाठी ते पिकवणे तेव्हाच्या खनिज तेलापुढे टिकणारे नव्हते.

आधी हिशोब, मग तलाव

बांधकामाला हात घालण्यापूर्वी कागदावर एक साधा ताळेबंद मांडावा. उदाहरणादाखल १० चौरस मीटर पृष्ठभागाचा आणि २५ सेंटिमीटर खोलीचा तलाव घेऊ. त्यात २,५०० लिटर पाणी मावते. पाणी तलावात सरासरी ८ दिवस राहील असे ठरवले, तर रोज सुमारे ३१२ लिटर सांडपाणी आत येईल आणि तेवढेच बाहेर जाईल. घरगुती सांडपाण्यात प्रतिलिटर ४० मिलिग्रॅम नायट्रोजन धरला, तर रोज १२.५ ग्रॅम नायट्रोजन तलावात येतो.

उघड्या तलावात दर चौरस मीटरला रोज १० ते २० ग्रॅम कोरडे शैवाल मिळणे वाजवी मानले जाते. आपण १२ ग्रॅम धरू, म्हणजे रोज १२० ग्रॅम. शैवालाच्या कोरड्या वजनात सुमारे ७ टक्के नायट्रोजन असतो, त्यामुळे १२० ग्रॅम शैवाल ८.४ ग्रॅम नायट्रोजन शोषून घेईल आणि बाहेर जाणाऱ्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे १३ मिलिग्रॅम शिल्लक राहील. फॉस्फरस शैवालात साधारण १ टक्का असतो, म्हणून तो रोज १.२ ग्रॅम काढला जाईल.

आता तेलाकडे वळू. सांडपाण्यावर नेहमीसारख्या वाढलेल्या शैवालात २० टक्के स्निग्ध पदार्थ धरले, तर रोज २४ ग्रॅम मिळतात. त्यातला मोठा भाग हरितद्रव्य, मेणासारखे पदार्थ आणि इतर घटकांचा असतो. त्यामुळे बायोडिझेलमध्ये रूपांतरित होऊ शकणारी मेदाम्ले निम्मी, म्हणजे १२ ग्रॅम धरावीत, आणि प्रक्रियेतील घट वजा जाता हाती सुमारे १० ग्रॅम बायोडिझेल येते. वर्षाला हे साडेतीन किलोच्या आसपास जाते. हा आकडा पाहून निराश होण्याचे कारण नाही, कारण त्याच काळात त्या तलावाने एक लाखाहून अधिक लिटर सांडपाणी हाताळलेले असते. मात्र केवळ डिझेलसाठी कोणी हा तलाव बांधणार असेल, तर त्याने इथेच थांबून पुन्हा विचार करावा.

पाण्याची निवड आणि पूर्वप्रक्रिया

घरगुती सांडपाणी, दूध प्रक्रियेचे पाणी आणि बायोगॅस संयंत्रातून निघणारे द्रावण ही तीन साधने सर्वांत उपयुक्त आहेत. धातू मुलामा देणाऱ्या, रंग किंवा कातडी कमावणाऱ्या उद्योगांचे पाणी घेऊ नये, कारण शैवाल जड धातू पेशीभिंतीवर धरून ठेवते आणि मग तेल काढून उरलेला चोथा कशालाच वापरता येत नाही.

पाणी निश्चित करण्यापूर्वी त्याची किमान सहा परिमाणे तपासावीत : पीएच (आम्ल-अल्कलीपणाचे माप), रासायनिक ऑक्सिजन मागणी (सेंद्रिय प्रदूषणाचे माप), अमोनियम नायट्रोजन, एकूण फॉस्फरस, गढूळपणा आणि जड धातू. बायोगॅस संयंत्राच्या द्रावणात अमोनियम प्रतिलिटर १,००० मिलिग्रॅमच्याही वर असू शकते आणि त्याचा गडद रंग प्रकाश अडवतो. असे द्रावण साध्या किंवा शुद्ध केलेल्या पाण्याने दहा ते वीसपट पातळ करूनच वापरावे.

अमोनियाबाबत एक गोष्ट नीट समजून घेणे आवश्यक आहे. पाण्यातील अमोनियम आयन शैवालाला पोषक असतो, पण मुक्त अमोनिया विषारी असतो, आणि दोहोंचे प्रमाण पीएचवर ठरते. २५ अंश सेल्सिअसला पीएच ८ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ५ टक्केच मुक्त स्वरूपात असतो. तो पीएच ९ ला सुमारे ३६ टक्क्यांवर जातो. शैवाल प्रकाशात कार्बन डायऑक्साइड शोषून घेते तसतसा पाण्याचा पीएच चढतो, म्हणून सकाळी निरोगी दिसणारा तलाव दुपारी स्वतःच्याच वाढीने अडचणीत येतो. शिवाय चढत्या पीएचला अमोनिया हवेत उडून जातो. तपासणीत नायट्रोजन कमी झालेला दिसतो, पण तो शैवालात गेलेला नसतो, पाण्यातून काढून हवेत सोडलेला असतो. याला शुद्धीकरण म्हणू नये.

पूर्वप्रक्रिया साधी ठेवावी. जाळीतून कचरा काढावा, दोन तास संथ ठेवून जड गाळ बसू द्यावा आणि शक्य असल्यास पाणी वाळूच्या गाळणीतून सोडावे. जिवाणू पूर्णपणे मारण्याच्या मागे लागू नये. सांडपाण्यातील जिवाणू सेंद्रिय पदार्थ खाऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, शैवाल तो घेऊन ऑक्सिजन परत देते, आणि याच देवाणघेवाणीमुळे वायुवीजनाचा विजेचा खर्च वाचतो.

वाण निवडणे आणि बीज तयार करणे

क्लोरेला व्हल्गारिस, क्लोरेला सोरोकिनियाना आणि सेनेडेस्मस या वंशातील जाती सांडपाण्यात तग धरतात, वेगाने वाढतात आणि बहुतेक संवर्धन संग्रहांतून मिळतात. बोट्रिओकॉकस ब्राउनाय भरपूर हायड्रोकार्बन साठवतो, पण त्याची वाढ अत्यंत संथ असल्यामुळे उघड्या तलावात तो इतर शैवालांपुढे टिकत नाही. तेलाची टक्केवारी पाहून वाण निवडण्याची चूक टाळावी. महत्त्वाचा असतो तो गुणाकार : रोजची वाढ गुणिले तेलाचे प्रमाण.

ज्या ठिकाणी प्रकल्प करायचा, त्याच ठिकाणच्या हिरव्या पडलेल्या पाण्यातून वाण वेगळा करणे अनेकदा अधिक फायदेशीर ठरते, कारण तो तेथील तापमान आणि तेथील भक्षक यांच्याशी आधीच जुळलेला असतो. नमुना बीजी-११ किंवा बोल्डचे मूलभूत माध्यम या शैवालाच्या ठरावीक पोषक द्रावणांच्या आगर थाळीवर रेघा ओढून पसरवावा, प्रकाशात वाढू द्यावा, एकेक वसाहत उचलून पुन्हा नव्या थाळीवर पसरवावी आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकच आकार दिसेपर्यंत हे चालू ठेवावे.

बीज वाढवताना दर टप्प्याला आकारमान दहापटीहून अधिक वाढवू नये : २५० मिलिलिटरवरून २.५ लिटर, तेथून २५ लिटर, मग २५० लिटर. याच काळात शैवालाला सांडपाण्याची सवय लावावी. पहिल्या टप्प्यात माध्यमात २५ टक्के सांडपाणी, नंतर ५०, मग ७५ आणि शेवटी पूर्ण सांडपाणी. प्रत्येक टप्प्यात रंग गडद हिरवा राहिला पाहिजे. पिवळसर झाक आली तर पुढच्या टप्प्यावर जाण्याची घाई करू नये. तलावात बीज सोडताना त्याचे प्रमाण एकूण पाण्याच्या किमान १० टक्के असावे. विरजण कमी पडले की दूध नीट लागत नाही, तसेच पातळ बीजावर कडक ऊन पडले की पेशी सावरण्याआधीच फिकट पडतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस तलावावर हिरव्या जाळीची सावली धरावी.

तलाव : आकार, प्रवाह आणि कार्बन

धावपट्टीसारखा लांबट गोलाकार, मध्ये दुभाजक भिंत असलेला आणि पॅडलव्हीलने फिरता ठेवलेला रेसवे तलाव या कामाला सर्वांत योग्य आहे. बंद नळीच्या प्रकाशसंवर्धकांत शैवाल दाट वाढते, परंतु सांडपाण्यामुळे नळ्यांच्या आतून थर चढतो आणि त्या साफ करण्यातच सारी मेहनत जाते, त्यामुळे ते बीज वाढवण्यापुरतेच ठेवावेत.

तलावाची खोली २० ते ३० सेंटिमीटर असावी. याहून खोल केले तर तळाला प्रकाश पोहोचत नाही, कारण दाट शैवालात बहुतेक प्रकाश वरच्या काही सेंटिमीटरांतच शोषला जातो. प्रवाहाचा वेग सेकंदाला १५ ते २५ सेंटिमीटर पुरेसा होतो. वेग दुप्पट केला की त्यासाठी लागणारी शक्ती जवळपास आठपट होते, म्हणून गाळ तळाशी बसू न देणारा सर्वांत कमी वेग शोधून तोच कायम ठेवावा. वळणांच्या आतील बाजूस पाणी साचून गाळ सडतो. तेथे अर्धवर्तुळाकार मार्गदर्शक पत्रे उभे बसवल्यास हा त्रास बराच कमी होतो.

कार्बनचा विचार बहुतेक जण उशिरा करतात. १ किलो कोरडे शैवाल तयार होण्यास सुमारे १.८ किलो कार्बन डायऑक्साइड लागतो. घरगुती सांडपाण्यात नायट्रोजनच्या मानाने कार्बन कमी असतो, त्यामुळे नायट्रोजन शिल्लक असतानाच कार्बन संपतो, पीएच चढतो आणि वाढ अडते. उपाय असा की तलावाच्या एका ठिकाणी सुमारे एक मीटर खोल खड्डा करून त्याच्या तळातून बारीक बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड सोडावा. खोलीमुळे वायूला विरघळण्यास वेळ मिळतो. पुरवठा पीएच मापकाला जोडावा : पीएच ८ च्या वर गेला की झडप उघडावी आणि ७.५ ला बंद व्हावी. बायोगॅस संयंत्र जवळ असेल, तर तेथून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड वापरणे सर्वांत सोयीचे.

रोजची देखरेख

पाण्याचे तापमान, पीएच आणि विरघळलेला ऑक्सिजन सकाळी व दुपारी नोंदवावा. वाढ मोजण्यासाठी ७५० नॅनोमीटर तरंगलांबीला प्रकाशघनता, म्हणजे पाणी किती प्रकाश अडवते ते, मोजावी. ६८० नॅनोमीटरचे मापन हरितद्रव्याच्या बदलामुळे फसवे ठरते. आठवड्यातून दोनदा ठरावीक पाणी आधी वजन केलेल्या गाळणी कागदातून गाळून १०५ अंशाला वाळवावे व कोरडे वजन काढावे, मात्र त्या वजनात जिवाणू आणि गाळही असतो हे ध्यानात ठेवावे. सूक्ष्मदर्शकातून रोज एक थेंब पाहणे कधीही चुकवू नये.

त्या थेंबात मुख्यतः रोटिफर शोधायचे असतात. हे सूक्ष्म प्राणी शैवाल खातात आणि अनुकूल परिस्थितीत काही दिवसांत हिरवा तलाव तपकिरी करून टाकतात. त्यांची संख्या वाढताना दिसताच रात्री काही तास कार्बन डायऑक्साइड सोडून पाण्यातील ऑक्सिजन घटवावा, किंवा थोड्या वेळासाठी पीएच वाढू देऊन मुक्त अमोनियाचे प्रमाण चढवावे. शैवाल हा धक्का काही काळ सोसते, रोटिफर सोसत नाहीत. पाणी तलावात राहण्याचा काळ कमी केल्यानेही त्यांना वाढायला वेळ मिळत नाही. तो काळ उन्हाळ्यात ४ दिवसांपर्यंत आणता येतो, थंडीत ८ ते १० दिवस ठेवावा लागतो. शैवालाच्या वाढीच्या वेगापेक्षा पाणी जलद बदलले, तर संपूर्ण संवर्ध वाहून जातो.

तेल वाढवण्यासाठी नायट्रोजनची उपासमार करण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. नायट्रोजन संपल्यावर पेशी नवीन प्रथिने बनवू शकत नाही आणि मिळालेली ऊर्जा तेल किंवा पिष्टाच्या रूपात साठवते. पण त्याच वेळी वाढ मंदावते, त्यामुळे एकाच तलावात उपासमार केल्यास एकूण तेल बहुधा वाढत नाही. सांडपाण्याच्या प्रकल्पात मात्र याचा सुंदर उपयोग करता येतो : पहिल्या तलावातून नायट्रोजन बहुतांश संपलेले पाणी शैवालासह दुसऱ्या उथळ तलावात ३ ते ५ दिवस ठेवावे. तेथे उरलासुरला नायट्रोजन संपतो, पाणी अधिक स्वच्छ होते आणि तेलही वाढते.

काढणी : खरा कस येथे लागतो

आपल्या उदाहरणात १२० ग्रॅम शैवाल ३१२ लिटर पाण्यात विखुरलेले आहे, म्हणजे प्रतिलिटर ०.४ ग्रॅमही नाही. हे पाणी थेट सेंट्रिफ्यूजमधून फिरवणे ऊर्जेची उधळपट्टी आहे. आधी शैवालाचे पुंजके करून ते खाली बसवावेत.

काढणी दुपार उलटल्यावर करावी. दिवसभराच्या प्रकाशसंश्लेषणाने पेशींतील साठा तेव्हा सर्वाधिक असतो आणि रात्रीच्या श्वसनात त्यातला काही भाग जळून जातो. पुंजके करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, चुन्याने किंवा कॉस्टिक सोड्याने पीएच १०.५ ते ११ पर्यंत नेणे. यात पाण्यातील मॅग्नेशियम आणि कॅल्शियमचे क्षार साका होऊन शैवालाला सोबत घेऊन बसतात, मात्र पाणी सोडण्यापूर्वी त्याचा पीएच पुन्हा उतरवावा लागतो. दुसरा, तुरटी किंवा फेरिक क्लोराइड. हे स्वस्त व खात्रीचे असते, पण धातू चोथ्यात राहतो. तिसरा, कायटोसॅन, म्हणजे कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ. हे महाग असले तरी जैवविघटनशील असल्यामुळे चोथा स्वच्छ राहतो. चोथा बायोगॅस संयंत्रात जाणार असेल, तर पहिला किंवा तिसरा मार्ग घ्यावा.

मात्रा पुस्तकातून घेऊ नये, ती प्रत्येक पाण्यासाठी वेगळी असते. एक लिटरच्या सहा पात्रांत वाढत्या मात्रा घालाव्यात, कायटोसॅनसाठी प्रतिलिटर ५ ते ५० मिलिग्रॅमची श्रेणी घ्यावी आणि ते आधी १ टक्का ॲसिटिक आम्लात विरघळवून ठेवावे. दोन मिनिटे जोरात व पंधरा मिनिटे हळू ढवळून अर्धा तास स्थिर ठेवावे, आणि वरचे पाणी नितळ करणारी सर्वांत कमी मात्रा निवडावी. बसलेल्या शैवालाचा थोडा भाग रोज तलावात परत सोडला, तर कालांतराने सहज बसणाऱ्या, वसाहती करणाऱ्या जाती तलावात वरचढ होतात आणि रसायनाची गरज घटते.

खाली बसलेला लगदा साधारण २ टक्के घन असतो, म्हणजे आपल्या बाबतीत रोजचे सुमारे ६ लिटर. तो सेंट्रिफ्यूज करून किंवा कापडी गाळणीत दाबून २० टक्क्यांवर आणता येतो. आता ऊर्जेचे गणित पाहावे. २० टक्के लगद्यात १२० ग्रॅम शैवालाबरोबर ४८० ग्रॅम पाणी आहे. १ किलो पाण्याची वाफ करायला सुमारे २.२६ मेगाज्यूल लागतात, म्हणजे या पाण्यासाठी किमान १.१ मेगाज्यूल. मिळणाऱ्या १० ग्रॅम बायोडिझेलमध्ये मात्र ०.३७ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. तोच लगदा २ टक्क्यांवरून थेट उष्णतेने वाळवला, तर १३ मेगाज्यूलहून अधिक लागतील. इंधन किंवा वीज जाळून शैवाल वाळवणारा प्रकल्प म्हणूनच ऊर्जा निर्माण करत नाही, ती खर्च करतो. वाळवण सौर शुष्ककात, पातळ थर देऊन, ६० अंशांखाली करावे. मोठ्या प्रमाणावर काम करायचे असेल तर ओल्या लगद्यावरच ३०० ते ३५० अंशांना उच्च दाबाखाली प्रक्रिया करून जैवकच्चे तेल मिळवण्याचा मार्ग अभ्यासावा, पण तो लहान प्रयोगशाळेत करण्यासारखा नाही.

तेल काढणे आणि बायोडिझेल करणे

या टप्प्यात मेथॅनॉल, हेक्झेन आणि तीव्र आम्ल हाताळावे लागते. मेथॅनॉल त्वचेतूनही शरीरात जाते, डोळ्यांना कायमची इजा करू शकते आणि त्याची ज्योत उजेडात जवळपास दिसत नाही. हे काम धूर खेचणाऱ्या कपाटातच, हातमोजे व चष्मा घालून, कोणतीही उघडी ज्योत जवळ नसताना करावे.

वाळलेले शैवाल बारीक दळावे. क्लोरेलाची पेशीभिंत चिवट असल्यामुळे शक्य असल्यास काचेच्या मण्यांच्या चक्कीत किंवा अल्ट्रासाउंडने पेशी फोडाव्यात. त्यानंतर हेक्झेन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल ३:२ या मिश्रणात भुकटी ढवळून गाळावी, हे दोन-तीनदा करावे आणि द्रावक ऊर्ध्वपातनाने परत मिळवावा. हाती येणारा पदार्थ गडद हिरवा व चिकट असतो. कोमट पाण्याने धुऊन त्यातील डिंकासारखे फॉस्फोलिपिड काढावेत आणि सक्रिय कोळशाने किंवा विरंजक मातीने हरितद्रव्य कमी करावे.

पुढची दिशा आम्लतेवर ठरते. तेल अल्कोहोलमध्ये विरघळवून फिनॉल्फ्थॅलिन दर्शकासह पोटॅशियम हायड्रॉक्साइडने अनुमापन करावे. १ ग्रॅम तेलातील आम्ल शमवण्यास जितके मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड लागते, तो आम्लांक. त्याच्या साधारण निम्मी संख्या म्हणजे मुक्त मेदाम्लांची टक्केवारी. ती १ ते २ टक्क्यांच्या वर असेल, आणि शैवालतेलात ती बहुधा असते, तर अल्कली उत्प्रेरक घातल्यास साबण होतो. अशा वेळी आधी सल्फ्युरिक आम्ल व भरपूर मेथॅनॉल घालून मुक्त मेदाम्लांचे एस्टर (मेदाम्ल व मेथॅनॉल यांचे संयुग, म्हणजेच बायोडिझेल) करून घ्यावेत आणि मगच अल्कलीची पायरी करावी.

अल्कलीच्या पायरीत तेल व मेथॅनॉलचे रेण्वीय प्रमाण १:६ ठेवतात. १०० ग्रॅम तेलाला हे सुमारे २८ मिलिलिटर मेथॅनॉल होते, त्यात १ ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड आधी पूर्ण विरघळवावे. मेथॅनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून परतवाह शीतक (वाफ थंड करून पात्रात परत सोडणारी नळी) लावून तापमान ६० अंशांवर ठेवावे आणि एक ते दीड तास ढवळावे. रात्रभर पृथक्करण नरसाळ्यात ठेवल्यावर खाली ग्लिसरॉल बसते, ते काढून टाकावे. वरच्या थरातील मेथॅनॉल ऊर्ध्वपातनाने काढून तो कोमट पाण्याने हलक्या हाताने तीनदा धुवावा, आणि शेवटी तापवून पाण्याचा अंश घालवावा. थोडीच भुकटी असेल तर तेल वेगळे न काढता पूर्ण कोरड्या भुकटीवरच मेथॅनॉल व सल्फ्युरिक आम्लाची थेट प्रक्रिया करणे अधिक किफायतशीर ठरते. त्यात ध्रुवीय स्निग्ध पदार्थांतील मेदाम्लेही एस्टरमध्ये येतात.

इंधन इंजिनात घालण्यापूर्वी

क्लोरेला आणि सेनेडेस्मसच्या तेलात अनेक दुहेरी बंध असलेली मेदाम्ले, विशेषतः लिनोलेनिक आम्ल, बरीच असतात. असे एस्टर हवेने लवकर खराब होऊन डिंक धरतात. युरोपच्या ईएन १४२१४ या मानकात लिनोलेनिक आम्लाच्या एस्टरला १२ टक्क्यांची, चार किंवा अधिक दुहेरी बंधांच्या एस्टरला १ टक्क्याची आणि आयोडीन अंकाला (दुहेरी बंधांच्या एकूण प्रमाणाचे माप) १२० ची मर्यादा आहे. शैवालाचे शुद्ध बायोडिझेल या मर्यादा अनेकदा ओलांडते. त्यामुळे वायू वर्णलेखनाने (गॅस क्रोमॅटोग्राफी) एस्टरांची रचना तपासावी, फॉस्फरस, गंधक व आम्लांक मोजावेत, आणि मर्यादेत बसेल इतक्या प्रमाणात ते इतर बायोडिझेलमध्ये मिसळावे. उपासमारीच्या दुसऱ्या तलावातून आलेल्या शैवालात संतृप्त व एकच दुहेरी बंध असलेल्या मेदाम्लांचे प्रमाण सहसा वाढलेले असते, हा त्या तलावाचा आणखी एक फायदा.

चोथा, पाणी आणि पुढचा निर्णय

तेल काढल्यावर शैवालाचे चार पंचमांशाहून अधिक वजन चोथ्यात उरते आणि त्यात प्रथिने भरपूर असतात. द्रावकाचा अंश पूर्ण उडून गेल्यावर तो बायोगॅस संयंत्रात घालावा. त्यातील कार्बन-नायट्रोजन प्रमाण फार कमी असल्यामुळे कागदाचा लगदा किंवा पेंढ्यासारखा कार्बनयुक्त पदार्थ मिसळून ते २० ते ३० च्या दरम्यान आणावे, नाहीतर अमोनिया साचून वायू बनणे थांबते. सांडपाण्यावर वाढलेला चोथा जनावरांना खाऊ घालू नये.

तलावातून बाहेर पडणारे पाणी हिरवे असेल तर ते शुद्ध झालेले नाही. उरलेले शैवाल नदीत मरून पुन्हा ऑक्सिजन खाते. म्हणून सोडण्यापूर्वी तरंगते घन पदार्थ, नायट्रोजन, फॉस्फरस आणि रोगजंतू मोजावेत व लागू असलेल्या सोडमर्यादांशी ताडून पाहावेत. किमान चारही ऋतूंतल्या नोंदी हाती आल्यावर दोन आकडे शेजारी ठेवावेत : ओला लगदा थेट बायोगॅस संयंत्रात घातला असता मिळाली असती ती ऊर्जा, आणि वाळवणे, तेल काढणे व एस्टर करणे यांचा खर्च वजा जाता बायोडिझेलमधून आणि चोथ्याच्या बायोगॅसमधून प्रत्यक्ष हाती आलेली ऊर्जा. तेल ३० टक्क्यांखाली असलेल्या शैवालासाठी बहुधा पहिला आकडा मोठा निघतो, आणि तसे असेल तर डिझेलची पायरी उपासमारीच्या तलावातील पिकापुरती ठेवून बाकीचा लगदा सरळ बायोगॅसकडे वळवावा.